अमेरिकेत राज्याचं मेडिकल लायसन्स काढताना: भारतीय पदवीच्या डॉक्टरांसाठी

अमेरिकेत देशभर चालेल असं एकच मेडिकल लायसन्स नसतं. प्रत्येक राज्याचा आपला कायदा, आपलं मेडिकल बोर्ड, आपली फी आणि आपले फॉर्म. साधारण नियम असा की रुग्ण ज्या राज्यात असेल त्या राज्याचं लायसन्स डॉक्टरकडे हवं. म्हणजे टेक्सासमधल्या डॉक्टरला ओक्लाहोमातला रुग्ण व्हिडिओवर तपासायचा असेल, तरी ओक्लाहोमाची परवानगी लागते. पुढची माहिती महाराष्ट्रातून एमबीबीएस होऊन तिकडे रेसिडेन्सी (पदवीनंतरचं हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण) करणाऱ्या, किंवा ती संपवून नोकरीला लागणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे.

पहिली गोष्ट ध्यानात घ्यायची ती ही: तुमच्या हातातला कागद बोर्डाला नको असतो. पदवीची मूळ प्रत, नोटरी केलेल्या झेरॉक्स, रंगीत स्कॅन यांचा उपयोग फार तर ओळखीपुरता. बोर्डाला प्रत्येक माहिती जिथे तयार झाली तिथूनच थेट हवी असते. पदवीची खात्री कॉलेज किंवा विद्यापीठाकडून, परीक्षांचे निकाल परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडून, रेसिडेन्सीची खात्री प्रोग्राम डायरेक्टरकडून, जुन्या नोंदणीची खात्री त्या त्या कौन्सिलकडून. यालाच प्रायमरी सोर्स व्हेरिफिकेशन म्हणतात. अर्जाचा फॉर्म एका बैठकीत भरून होतो. बाकीचे महिने जातात ते पाच-सहा कार्यालयांतून हे कागद निघून बोर्डात पोहोचेपर्यंत. सगळं नियोजन त्या कागदांभोवती करायचं.

पात्रता आधी तपासा, फी नंतर भरा

बोर्डाची अर्ज फी सहसा परत मिळत नाही. म्हणून पैसे भरण्याआधी चार गोष्टी त्या राज्याच्या नियमांशी ताडून घ्या.

ईसीएफएमजीचं, म्हणजे परदेशी पदवीधरांची पात्रता तपासणाऱ्या अमेरिकन संस्थेचं, सर्टिफिकेट सगळीकडे लागतं. रेसिडेन्सीत असाल तर ते तुमच्याकडे आहेच.

यूएसएमएलई या अमेरिकन लायसन्स परीक्षेच्या तिन्ही स्टेप्स पास हव्यात. रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षातच स्टेप थ्री उरकणं सगळ्यात शहाणपणाचं. मेडिसिन, सर्जरी, बालरोग, प्रसूती असं सगळं थोडंथोडं डोक्यात ताजं असतं आणि पुढे लायसन्सच्या वेळी हे एक काम आधीच झालेलं असतं. रेसिडेन्सीच एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर करायची असेल, तर स्टेप थ्री ती सुरू होण्याआधीच पास व्हावी लागते.

तिसरी गोष्ट प्रयत्नांची आणि मुदतीची. प्रत्येक स्टेपला जास्तीत जास्त ४ प्रयत्न, ही यूएसएमएलईची मर्यादा. राज्यांची मर्यादा त्याहून कडक असू शकते. शिवाय बऱ्याच राज्यांत तिन्ही स्टेप्स ७ वर्षांत पास व्हाव्या लागतात आणि ही मुदत पहिली स्टेप पास झाली तेव्हापासून मोजतात. एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षात स्टेप वन दिली, मग भारतातच एमडी केलं, मग मॅच झालं (रेसिडेन्सीची जागा मिळाली), अशा डॉक्टरांची ७ वर्षं बघता बघता उलटतात. मुदत गेली असेल तर लगेच हातपाय गाळायचं कारण नाही. काही राज्यांत मुदत जास्त आहे, काहींत मुळीच नाही, आणि काही राज्यं स्पेशालिटी बोर्डाचं (आपल्या विषयातल्या तज्ज्ञतेचं) सर्टिफिकेट असलेल्यांना सूट देतात. पण ही चौकशी नोकरीच्या करारावर सही करण्याआधी व्हायला हवी.

चौथी गोष्ट रेसिडेन्सीच्या वर्षांची, आणि आपल्याकडच्या पदवीधरांची जास्तीत जास्त फसगत इथेच होते. अमेरिकन कॉलेजमधून झालेल्यांना बऱ्याच ठिकाणी एका वर्षाच्या ट्रेनिंगवर पूर्ण लायसन्स मिळतं. परदेशी पदवीधरांना मात्र सहसा दोन किंवा तीन वर्षं लागतात. टेक्सास आणि इलिनॉयमध्ये दोन, न्यूयॉर्कमध्ये तीन. कॅलिफोर्नियात परदेशी पदवीधराला २४ महिन्यांवर लायसन्स मिळू शकतं, पण पुढे नूतनीकरणासाठी ३६ महिने पूर्ण झाल्याचा पुरावा लागतो. यात धरली जाते ती एसीजीएमईची (अमेरिकेतले ट्रेनिंग प्रोग्राम तपासणाऱ्या संस्थेची) मान्यता असलेली ट्रेनिंग. भारतातलं एमडी-एमएस कितीही चांगल्या कॉलेजचं असलं तरी या हिशोबात सहसा धरत नाहीत. मान्यता नसलेली फेलोशिपही धरत नाहीत. लांब सुट्टी घेतली असेल तर ती वजा करून किती महिन्यांचं क्रेडिट प्रोग्रामने नोंदवलंय, हे आधी विचारून घ्या.

याचा अर्थ नीट पाहा. इंटर्नल मेडिसिनची तीन वर्षांची रेसिडेन्सी करणाऱ्या डॉक्टरला दोन वर्षांची अट असलेल्या राज्यात तिसऱ्या वर्षातच लायसन्स हाती पडू शकतं. तीन वर्षांची अट असलेल्या राज्यात रेसिडेन्सी संपल्यावरच ते निघतं आणि बहुतेक रेसिडेन्सी ३० जूनला संपतात. अशा राज्यात १ जुलैची रुजू तारीख कबूल करणं म्हणजे होऊ न शकणारी गोष्ट कबूल करणं. नोकरी देणाऱ्या हॉस्पिटलला हे स्पष्ट सांगून तारीख पुढे घ्या. त्यांच्या क्रेडेन्शियलिंग (डॉक्टरांची कागदपत्रं तपासणाऱ्या) विभागाला हे नेहमीचं असतं.

रेसिडेन्सीपुरतं मिळणारं ट्रेनिंग लायसन्स वेगळं. त्याचं काम बहुतेक ठिकाणी हॉस्पिटलचं जीएमई (रेसिडेंटांच्या प्रशिक्षणाचं) ऑफिस बघतं. न्यूयॉर्कमध्ये मान्यताप्राप्त प्रोग्राममधल्या रेसिडेंटला ते लागतच नाही. कॅलिफोर्नियात मात्र प्रोग्राम सुरू झाल्यापासून १८० दिवसांच्या आत पोस्टग्रॅज्युएट ट्रेनिंग लायसन्स हातात हवं, नाहीतर काम थांबवावं लागतं. ट्रेनिंग लायसन्सवर बाहेर मूनलाइटिंग (जादा कमाईचं काम) करता येईल का, हे प्रत्येक राज्यात निराळं आहे. गृहीत धरू नका.

रुजू तारखेपासून मागे मोजा

लायसन्स मिळालं की दुसऱ्या दिवसापासून रुग्ण बघायला सुरुवात, असं होत नाही. हॉस्पिटलचे प्रिव्हिलेजेस (तिथे रुग्ण बघायची परवानगी) आणि विमा कंपन्यांकडची नोंदणी यांना त्यानंतर साधारण ९० ते १२० दिवस लागतात आणि यातली बरीच कामं लायसन्स नंबर आल्याशिवाय सुरूच होत नाहीत. परदेशी पदवीधराच्या अर्जाला बोर्डात तीन ते सहा महिने धरून चाला. म्हणजे ऑगस्टमध्ये रुजू व्हायचं तर लायसन्स एप्रिलपर्यंत हातात हवं आणि अर्ज आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात जायला हवा. भारतातल्या कागदांची हालचाल त्याच्याही आधी, अमेरिकेतल्या उन्हाळ्यात सुरू करा. मार्च ते जून देशभरचे रेसिडेंट एकदम अर्ज टाकतात, त्या गर्दीत तुमची फाइल नकोच.

जे-वन व्हिसावर असाल तर हे गणित आणखी घट्ट होतं. ट्रेनिंगनंतर मायदेशी परतण्याची अट माफ करणाऱ्या, म्हणजे वेव्हर देणाऱ्या कॉनराड योजनेत प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा असतात. वेव्हर मिळाला की एच-वन-बीची याचिका करावी लागते आणि तिला राज्याचं लायसन्स, किंवा लायसन्सच्या सगळ्या अटी पूर्ण झाल्याचा पुरावा जोडावा लागतो. वेव्हर हातात आणि लायसन्स बोर्डात अडकलेलं, ही फार वाईट अवस्था असते. दोन्ही कामं एकाच वेळी चालू ठेवा आणि बोर्डाच्या पत्रांच्या प्रती तुमच्या इमिग्रेशन वकिलाला लगोलग पाठवत राहा.

एफसीव्हीएस घ्यायचं की नाही

राज्यांच्या मेडिकल बोर्डांची एक मध्यवर्ती संघटना आहे, एफएसएमबी. तिची एफसीव्हीएस ही सेवा तुमची ओळख, पदवी, रेसिडेन्सी, परीक्षा आणि ईसीएफएमजीची स्थिती एकदा मूळ ठिकाणाहून तपासून कायमची साठवून ठेवते. पुढे कुठल्याही बोर्डाला तीच फाइल जाते. काही राज्यांत ती सक्तीची, बहुतेक ठिकाणी चालते, क्वचित कुठे तिचा उपयोग होत नाही.

पहिल्यांदा प्रोफाइल तयार होताना दोनेक महिने सहज जातात आणि बोर्डाच्या फीखेरीज वेगळे पैसे पडतात. एकाच राज्यात कायम राहणार असाल आणि तिथे सक्ती नसेल, तर थेट अर्ज कधीकधी लवकर होतो. तरीही भारतीय पदवीधरांनी एफसीव्हीएस करून ठेवावं, असंच आमचं ठाम मत आहे. आज कॉलेजातले जे क्लार्क तुमच्या फॉर्मवर शिक्का मारतात, ते पंधरा वर्षांनी तिथे नसतील. जुनी रजिस्टरं कुठल्या कपाटात आहेत हे सांगणारंही कोणी नसेल. मूळ खात्री एकदाच होऊन साठलेली असली, की दुसऱ्या-तिसऱ्या राज्याच्या वेळी पुन्हा कॉलेजच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. रेसिडेन्सीचा प्रोग्राम पुढे बंद पडला तरी तुमचं अडत नाही.

एफएसएमबीचाच युनिफॉर्म ॲप्लिकेशन नावाचा सामाईक ऑनलाइन अर्ज बरीच राज्यं स्वीकारतात. तो एकदा भरला की पुढच्या राज्याला फक्त ताजी माहिती घालायची. पण त्याच्या जोडीला राज्याची स्वतःची पुरवणी असतेच आणि ती विसरल्यामुळे कित्येक अर्ज अर्धवट पडून राहतात. यूएसएमएलईचा ट्रान्सक्रिप्टही बोर्डाकडे एफएसएमबीमार्फत जातो. त्यात नापास झालेले प्रयत्नही दिसतात, तेव्हा अर्जात प्रयत्नांची संख्या बरोबर लिहा.

नाव

महाराष्ट्रातल्या डॉक्टरांच्या फाइली अडकतात त्या सगळ्यात जास्त नावावरून. गुणपत्रिकेवर नाव येतं ते आडनाव, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव या क्रमाने, कधी पुढे आईचं नावही. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव मिळून एका रकान्यात, आडनाव दुसऱ्या. अमेरिकेतल्या कागदांवर वडिलांचं नाव मधलं नाव होतं किंवा गळूनच जातं. लग्नानंतर आपल्याकडे मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात. त्यात रोमन लिपीतल्या स्पेलिंगमध्ये कुठेतरी एक 'ए' किंवा 'एच' जास्त. अशी एकाच डॉक्टरची चार-पाच नावं कागदोपत्री फिरत असतात. बोर्डाचा तपासनीस फाइल जुळवतो नाव आणि जन्मतारखेवरून. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडून माहेरच्या नावाने आलेलं पत्र सासरच्या नावाच्या फाइलला लागत नाही, न जुळलेल्या कागदांच्या ढिगात जातं. तुम्हाला पोर्टलवर दिसतं एवढंच, की कागद आलेला नाही.

उपाय असा. पासपोर्टवरचं नाव हेच मुख्य नाव ठरवा. ईसीएफएमजीच्या नोंदीत वेगळं असेल तर आधी तिथे दुरुस्त करून घ्या आणि मगच बोर्डाकडे जा. अर्जात 'यापूर्वी वापरलेली नावं' असा रकाना असतो. तो कधीच रिकामा सोडू नका. गुणपत्रिकेवरचा उलटा क्रम, लग्नाआधीचं नाव, स्पेलिंगमधला फरक, सगळं तिथे लिहा. नाव बदलाचा पुरावा म्हणून विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातली नोंद जोडा. नुसत्या स्पेलिंगचा फरक असेल तर 'ही सगळी नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र सहसा चालतं. ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं, तेही व्यावसायिक भाषांतरकाराचं. घरच्या माणसाने केलेलं चालत नाही.

कॉलेज आणि विद्यापीठ

काही बोर्डांना ईसीएफएमजीने केलेली पदवीची पडताळणी पुरते. काहींना आपलाच फॉर्म डीनच्या सहीशिक्क्याने थेट हवा असतो. फॉर्म साधा दिसतो, पण तो भरताना तीन ठिकाणी घोळ होतो.

पहिला घोळ तारखेच्या लिहिण्यात. आपल्याकडे आधी दिवस मग महिना, तिकडे आधी महिना मग दिवस. क्लार्कने ०३/०७ लिहिलं की आपल्याला ३ जुलै आणि बोर्डाला ७ मार्च. अर्जातल्या तारखेशी ते जुळत नाही आणि फाइल थांबते. कॉलेजला फॉर्म देतानाच सोबत एक चिठ्ठी जोडा, त्यावर सगळ्या तारखा महिन्याचं नाव अक्षरात लिहून द्या आणि फॉर्मवरही तसंच लिहायची विनंती करा.

दुसरा घोळ, 'पदवी कधी मिळाली' या प्रश्नाचा. एमबीबीएसच्या शेवटच्या परीक्षेचा निकाल एका तारखेला, १२ महिन्यांची इंटर्नशिप दुसऱ्या तारखेला संपते आणि पदवीपत्रावर तिसरीच तारीख असते. अर्जात तुम्ही एक लिहिता, कॉलेज दुसरी लिहितं, ईसीएफएमजीकडे तिसरी असते. शिक्षणाचा काळ पहिल्या एमबीबीएसच्या प्रवेशापासून इंटर्नशिप संपेपर्यंत धरा आणि पदवीची तारीख ईसीएफएमजीच्या नोंदीत आहे तीच सगळीकडे ठेवा. कॉलेजने वेगळी लिहिली तर दोन ओळींचं स्पष्टीकरण आपणहून पाठवा.

तिसरा घोळ क्लिनिकल पोस्टिंगचा. काही बोर्डं प्रत्येक विषयाचं पोस्टिंग कधी सुरू झालं, कधी संपलं आणि किती आठवडे चाललं हे विचारतात. आपल्या पद्धतीत सकाळी वॉर्ड आणि दुपारी लेक्चर असं बरोबरीने चालतं, त्यामुळे कॉलेज आठवडे गोळाबेरीज लिहून मोकळं होतं. लॉगबुक किंवा पोस्टिंगचं वेळापत्रक जपलं असेल तर त्यावरून आठवडे काढून कॉलेजला द्या. इंटर्नशिपची पोस्टिंग वेगळ्या कागदावर दाखवा, अभ्यासक्रमात मिसळू नका.

अर्ज टाकताना आवक विभागात देऊन आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घ्या. त्या क्रमांकाशिवाय पुढे विचारपूस करणं अवघड जातं. ऑफिसात जाणारी व्यक्ती तुमच्या वतीने असेल तर सही केलेलं अधिकारपत्र, पासपोर्टची प्रत आणि त्या व्यक्तीचं ओळखपत्र सोबत हवं. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या स्थापनेआधी, म्हणजे १९९८ पूर्वी शिकलेल्यांची परीक्षांची नोंद मुंबई, पुणे, नागपूर अशा तेव्हाच्या विद्यापीठाकडे असते. चुकीच्या विद्यापीठाकडे अर्ज गेला की तो परत यायलाच कित्येक आठवडे जातात.

लिफाफा कॉलेजनेच बंद करायचा, झाकणावर शिक्का उमटवायचा आणि शक्यतो कॉलेजनेच पाठवायचा. हातात दिला तर उघडू नका. उघडलेला लिफाफा बाद. बंद लिफाफा तुमच्याकडून चालेल का, की कॉलेजच्या अधिकृत ईमेलवरूनच हवा, हे बोर्डाला आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. जीमेलच्या पत्त्यावरून आलेलं पत्र बोर्ड सहसा मानत नाही, आणि कित्येक कॉलेजांची कार्यालयं अजून तोच पत्ता वापरतात. ॲपोस्टिलवर (कागद परदेशात चालावा म्हणून घेतात त्या सरकारी शिक्क्यावर) मात्र बोर्डाने मागितल्याशिवाय एक रुपयाही घालू नका. थेट पडताळणी त्याने टळत नाही.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं गुड स्टँडिंग

आजवर जिथे जिथे डॉक्टर म्हणून नोंदणी होती, त्या सगळ्या ठिकाणांची पडताळणी बोर्ड मागतं. नोंदणी चालू असो वा संपलेली. इंटर्नशिपच्या वेळचं तात्पुरतं रजिस्ट्रेशन, नंतरचं कायम, एमडीच्या वेळी दुसऱ्या राज्यात केलेलं, ब्रिटनच्या जीएमसीचं (तिथल्या मेडिकल कौन्सिलचं), सगळं लिहा. एखादं सुटलं आणि बोर्डाला ते दुसऱ्या कागदातून कळलं, की विसर आणि लपवाछपवी यांतला फरक समजावत बसावं लागतं.

महाराष्ट्रातली नोंदणी दर ५ वर्षांनी नव्याने करावी लागते आणि तिला ३० क्रेडिट पॉइंट लागतात. अमेरिकेत गेलेल्या बहुतेकांची ती लॅप्स झालेली असते. हा गुन्हा नव्हे, पण लॅप्स नोंदणीवर गुड स्टँडिंग (नोंदणी स्वच्छ असल्याचं पत्र) काढायला वेळ लागू शकतो. म्हणून हे काम सगळ्यात आधी सुरू करा. पत्र कौन्सिलकडून थेट बोर्डाला जायला हवं आणि त्यावर तुमचा बोर्डाचा अर्ज क्रमांक असेल तर ते फाइलला पटकन लागतं.

'हो' की 'नाही'

अर्जातलं सगळ्यात नाजूक पान म्हणजे प्रश्नावली. कधी अटक झाली का, शिस्तभंगाची कारवाई झाली का, ट्रेनिंगमध्ये प्रोबेशन किंवा रजा होती का, वर्ष पुन्हा करावं लागलं का, निष्काळजीपणाचा दावा झाला का. प्रश्नातला प्रत्येक शब्द वाचा. 'शिक्षा झाली का' आणि 'आरोप ठेवला गेला का' हे वेगळे प्रश्न आहेत. रद्द किंवा पुसल्या गेलेल्या प्रकरणांबद्दलही बरीच बोर्डं विचारतात.

आपल्याकडच्या काही गोष्टी इथे हमखास विसरल्या जातात. एखाद्या विषयात राहून ऑड बॅच झाली असेल, तर शिक्षण लांबलं का या प्रश्नाचं उत्तर 'हो' आहे. कॉलेजकडून येणाऱ्या अटेम्प्ट सर्टिफिकेटवर ते दिसणारच आहे. भारतात प्रॅक्टिस करताना ग्राहक आयोगात तक्रार झाली असेल किंवा कौन्सिलकडे अर्ज गेला असेल, तर तोही लिहावा लागू शकतो. विद्यार्थी आंदोलनात गुन्हा नोंदला गेला असेल तर त्याची कागदपत्रं आधीच काढून ठेवा.

'हो' लिहिल्याने अर्ज सहसा नाकारला जात नाही. एक पानभर सरळ निवेदन द्यायचं: काय झालं, कधी, निकाल काय लागला, त्यानंतर काय केलं. सोबत निकालाची प्रत. कुणावर राग काढायचा नाही, कारणांची माळ लावायची नाही. खोटं किंवा अपुरं उत्तर मात्र स्वतःच नकाराचं कारण होतं, मूळ गोष्ट कितीही किरकोळ असो. आणि एका राज्याने नाकारलं की पुढच्या प्रत्येक राज्याच्या अर्जात 'कधी लायसन्स नाकारलं गेलं का' याला 'हो' लिहावं लागतं. गंभीर प्रकरण असेल तर अर्ज टाकण्याआधी त्या राज्यात लायसन्सिंगचं काम करणाऱ्या वकिलाला भेटा. अर्ज टाकून मग मागे घेणं हा सुरक्षित मार्ग नाही.

मानसिक आरोग्याच्या प्रश्नाला घाबरून उपचार टाळू नका, हे मनापासून सांगावंसं वाटतं. २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या इमर्जन्सी डॉक्टर लोर्ना ब्रीन यांच्या मृत्यूनंतर या विषयावर देशभर चर्चा झाली, २०२२ मध्ये त्यांच्या नावाने केंद्रीय कायदा झाला आणि अनेक बोर्डांनी आपले प्रश्न बदलले. आता पुष्कळ ठिकाणी एवढंच विचारतात, की सध्या तुमच्या कामावर परिणाम करणारी आणि उपचार न घेतलेली काही अडचण आहे का. पूर्वी कधी समुपदेशन घेतलं होतं, ते अशा प्रश्नात येत नाही.

कामाचा इतिहास पदवीपासून आजपर्यंत सलग हवा. साधारण महिन्याभराहून मोठी पोकळी दिसली की बोर्ड विचारतं. स्टेपचा अभ्यास, ऑब्झर्व्हरशिप, मॅचची वाट बघणं, बाळंतपण, आईवडिलांचं आजारपण, जे असेल ते तारखांसकट लिहा. यात कमीपणा काही नाही. पोकळी रिकामी सोडली तरच ती खटकते.

बोटांचे ठसे

एफबीआयची पार्श्वभूमी तपासणी बहुतेक राज्यांत लागते आणि एका राज्याला दिलेले ठसे दुसऱ्याला सहसा चालत नाहीत. राज्यातच असाल तर मशीनवर ठसे घेतात, बाहेरून अर्ज करत असाल तर एफडी-२५८ हे कार्ड. डॉक्टरांचे ठसे नाकारले जाण्याचं प्रमाण बरंच असतं, कारण सतत हात धुऊन आणि सॅनिटायझर लावून बोटांच्या रेषा कोरड्या आणि पुसट होतात. आठवडाभर आधीपासून रात्री हातांना क्रीम लावा, ठसे देण्याच्या दिवशी मात्र बोटं कोरडी आणि स्वच्छ ठेवा. शक्य असेल तर सुट्टीच्या दिवसानंतर जा, सलग ड्युटी करून नाही. कार्डाचे दोन संच करून घ्या. पाठवण्याआधी बोर्डाचा कोड बरोबर आहे ना ते बघा. कोड चुकला तर अहवाल भलत्याच कार्यालयात जातो आणि पुन्हा पहिल्यापासून.

राज्याची खास कलमं आणि पाठपुरावा

प्रत्येक राज्याचं काहीतरी वेगळं असतंच. टेक्सासमध्ये तिथल्या वैद्यकीय कायद्याची ऑनलाइन परीक्षा द्यावी लागते. पेनसिल्व्हेनियात बालशोषणाची नोंद कशी करायची याचं ३ तासांचं प्रशिक्षण लागतं. न्यूयॉर्कमध्ये लायसन्स मेडिकल बोर्ड देतच नाही, राज्याचं शिक्षण खातं देतं. पहिल्या नोंदणीसह तिथली फी ७३५ डॉलर आहे. अशा अटींतलं प्रशिक्षण त्या राज्याने मान्य केलेल्या संस्थेचंच हवं, दुसऱ्या राज्याचं तसंच सर्टिफिकेट चालत नाही.

अर्ज गेल्यावर पोर्टल दर आठवड्याला उघडा. काय आलं, काय राहिलं याची यादी तिथे असते. ईमेल स्वतःचा वैयक्तिक द्या, कारण हॉस्पिटलचा पत्ता रेसिडेन्सी संपताच बंद होतो आणि बोर्डाचं शेवटचं पत्र तिथेच अडकतं. कागद आलेला दिसत नसेल तर बोर्डाला लिहिताना विषयात अर्ज क्रमांक, मजकुरात कुठला कागद, कुणी, कोणत्या तारखेला, कोणत्या ट्रॅकिंग क्रमांकाने पाठवला एवढंच लिहा. असं पत्र वाचणाऱ्याला लगेच शोधता येतं. रोज फोन केल्याने फाइल पुढे सरकत नाही. अर्ज ठरावीक काळात पूर्ण झाला नाही तर तो बंद होतो आणि फी पुन्हा भरावी लागते, ती मुदत कॅलेंडरवर टाकून ठेवा.

प्रोग्राम डायरेक्टरचा फॉर्म ट्रेनिंग पूर्ण झाल्याचं सांगणारा असेल, तर शेवटच्या दिवसाआधी सही केलेला बऱ्याच ठिकाणी परत येतो. तारीख विचारून घ्या आणि प्रोग्राम कोऑर्डिनेटरला आधीपासून सांगून ठेवा.

लायसन्स आल्यावर

बोर्डाच्या वेबसाइटवर तुमचं नाव आणि क्रमांक चालू स्थितीत दिसेपर्यंत रुग्ण पाहू नका. 'मंजूर झालंय' असा फोन पुरेसा नाही.

मग नियंत्रित औषधं लिहिण्यासाठी डीईए या केंद्रीय संस्थेची नोंदणी. ३ वर्षांसाठी ८८८ डॉलर. नियंत्रित औषधं जिथे लिहिणार त्या प्रत्येक राज्यासाठी साधारणपणे वेगळी. २०२३ पासून व्यसनाधीनतेच्या उपचारांचं ८ तासांचं प्रशिक्षणही लागतं. नुकतेच पदवीधर झालेल्यांची जी सूट आहे ती अमेरिकेतल्या कॉलेजांपुरती आहे. आपल्या एमबीबीएसला ती लागू नाही, तेव्हा हे तास रेसिडेन्सीतच पूर्ण करून त्याचं सर्टिफिकेट जपा. इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स अशा काही ठिकाणी राज्याची नियंत्रित औषधांची नोंदणीही काढावी लागते. एनपीआय हा डॉक्टरचा देशभरचा ओळख क्रमांक फुकट मिळतो. तो रेसिडेन्सीत काढलेला असेल तर पत्ता आणि लायसन्स क्रमांक बदलून घ्या.

दुसऱ्या राज्याची गरज पडली तर इंटरस्टेट मेडिकल लायसेन्शर कॉम्पॅक्ट (दुसऱ्या राज्याचं लायसन्स लवकर मिळावं म्हणून राज्यांनी केलेला करार) बघा. ४० हून अधिक राज्यं त्यात आहेत, कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क नाहीत. त्यासाठी एका सभासद राज्याचं पूर्ण लायसन्स, स्पेशालिटी बोर्डाचं सर्टिफिकेट, प्रत्येक स्टेप ३ प्रयत्नांत पास आणि स्वच्छ नोंद लागते. ज्या राज्यातून अर्ज करायचा तिथे तुमचं घर, २५ टक्के प्रॅक्टिस, नोकरी देणारी संस्था किंवा आयकराचा पत्ता यांपैकी काहीतरी असावं लागतं. पात्रतापत्राची फी ७०० डॉलर, परत न मिळणारी, आणि प्रत्येक राज्याची फी निराळी. ते पत्र ३६५ दिवस चालतं, तेवढ्यात हवी ती राज्यं निवडायची.

अलीकडे टेनेसी, फ्लोरिडा अशा काही राज्यांनी परदेशात अनुभव घेतलेल्या डॉक्टरांना अमेरिकेत पुन्हा रेसिडेन्सी न करता मर्यादित लायसन्स देण्याचे कायदे केले आहेत. वाट मोकळी झाली म्हणून लगेच उडी मारू नका. ईसीएफएमजी सर्टिफिकेट लागतंच, बहुतेक ठिकाणी आधी ठरावीक संस्थेची नोकरी हवी, आणि स्पेशालिटी बोर्डाचं सर्टिफिकेट साधारणपणे तिथल्या रेसिडेन्सीशिवाय मिळत नाही. ते नसेल तर कित्येक हॉस्पिटलं आणि विमा कंपन्या दार उघडत नाहीत. व्हिसाचा प्रश्न वेगळाच. नोकरीचं पत्र हातात आल्यावर या सगळ्या बाजू तपासा.

पत्ता बदलला की बोर्डाला आणि डीईएला कळवा. नूतनीकरणाची नोटीस जुन्या पत्त्यावर गेली म्हणून चुकलेली तारीख माफ होत नाही. पहिली मुदत पुष्कळदा पूर्ण दोन वर्षांची नसते, वर्षाच्या मध्येच संपते, तेव्हा लायसन्सवरची शेवटची तारीख ते मिळालं त्याच दिवशी वाचा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं पुढचं नूतनीकरणही त्याच कॅलेंडरवर टाका.